पहिला घोडा घेताना

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून घोडे येतात. ओळखीतलं कुणी पहिल्यांदाच घोडा घ्यायला निघालं की मला सोबत नेतात. त्यांना वाटेत जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

१. भाव कशाचा लागतोय ते आधी ओळखा.
बाजार पैसे मोजतो ते रंगाला, उंचीला, चिन्हांना आणि नाचाला. शुभ्र नुकरा, चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी, गळ्यावर देवमणाचा भोवरा असलेला मारवाडी, यांच्याभोवती गर्दी असते. वरातीत घोडा नाचवणाऱ्याचे किंवा पैदास करणाऱ्याचे हे पैसे वसूल होतात. सकाळी बांधाबांधानं रपेट मारणाऱ्याचे होत नाहीत. पलीकडे साध्या कुमैत रंगाची, बेताच्या उंचीची, माणसाळलेली घोडी उभी असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. नवख्यानं तिच्यापाशी थांबावं. शांत स्वभावाला बाजारात वेगळा भाव नाही, आणि नवख्याला नेमका तोच हवा असतो.

२. शिंगरू नको.
‘आमच्या पोराबरोबरच शिकेल’ असं बरेच जण म्हणतात. शिकलेला स्वार कच्च्या घोड्याला शिकवतो, शिकलेला घोडा कच्च्या स्वाराला. दोघंही कच्चे असले की हाडं मोडतात. आठ ते पंधरा वर्षांचं जनावर पाहा. दात बघायला जाणता माणूस न्या. पाचव्या वर्षापर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात, तोवरचं वय बऱ्यापैकी नेमकं कळतं, पुढे अंदाज. वरच्या कडेच्या पुढच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी काळपट खाच दिसू लागते, पंधराव्याला ती दाताच्या मध्यापर्यंत उतरते. विकणारा ‘सहा वर्षांची’ म्हणतोय आणि खाच मध्यावर आलीय, तर घोडी सोडू नका, सहाच्या भावाचा हट्ट सोडायला लावा.

३. वळू घोडा नको, शर्यतीतून निवृत्त झालेलाही नको.
दुसरा कधीकधी फार स्वस्तात मिळतो. पण त्याला आयुष्यभर पळायलाच शिकवलेलं असतं. घोडी घ्या, किंवा मिळाला तर खच्ची केलेला घोडा.

४. उजाडता उजाडता जा, न सांगता.
माझा सगळ्यात जास्त भर यावर असतो. दुपारी दाखवलेला घोडा तासभर फिरवून दमवलेला असू शकतो. पहाटे तो आहे तसा दिसतो. मोतद्दार जवळ गेला की कान मागे पाडतो का? खरारा करताना पोटाशी हात गेला की चावायला वळतो का? लगाम तुमच्यासमोर चढवायला सांगा, चारही खूर उचलून दाखवायला सांगा, मग एक खूर स्वतः उचला. त्यानं तो मुकाट्यानं हातात दिला तर निम्मं काम झालं. नंतर मालकालाच आधी वर बसू द्या. तो ‘नको भाऊ, तुम्हीच बसा’ म्हणाला, तर पुढच्या तंबूकडे चला. शेवटी घोडी बाकीच्या घोड्यांपासून दूर, रस्त्याकडे न्या. ट्रक गेला, हॉर्न वाजला, तेव्हा ती काय करते ते पाहा.

५. कडक जमिनीवर दुडकी चालवा.
पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं. मऊ रेतीत लंगडेपण झाकून जातं. नाकातून घट्ट, पिवळट स्राव किंवा कातडीवर गाठी दिसल्या तर हात लावू नका. ग्लँडर्स माणसालाही होतो, त्याला लस नाही आणि बाधित जनावर कायद्यानं मारावं लागतं. रक्ततपासणीचा दाखला नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा, भाव कितीही उतरवून मिळत असला तरी.

६. पैसे मोजण्याची रीत.
घरून निघतानाच वर्षभराचा चारा, चंदी, नालबंद, डॉक्टर आणि मोतद्दाराचा पगार वेगळा काढा. साडेतीनशे किलोची घोडी रोज सहा-सात किलो कोरडा चारा-दाणा खाते. उरलेली रक्कम ही तुमची किंमत. त्यातल्या निम्म्याच्या आसपास बोलणी सुरू करा. यात्रा उठायला आली की घोडी परत नेण्याचं भाडं विकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतं, तेव्हा भाव उतरतात. पण चांगली घोडी तोवर राहीलच असं नाही, म्हणून मनात भरली तर वाट पाहू नका. विसार देताना कागदावर वय, खुणा, खोडी आणि दोष निघाल्यास परत घेण्याची मुदत लिहून घ्या. दलालाची दलाली कुणी द्यायची, तेही आधीच बोला.

७. तिची आत्ताची चंदी आणि चारा आठ-दहा दिवस पुरेल एवढा सोबत घ्या.
घरचं खाणं त्यात थोडंथोडं मिसळत जा. खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही.