आसरा आणि घर यांच्या मधले दिवस

आपद्ग्रस्तांस साहाय्य करावे, हे आपणांपैकी कोणासही शिकवावे लागत नाही. कोठे आग लागली, पूर आला, की भाकऱ्या बांधून निघणारे हात आपोआप पुढे होतात. कठीण असते ते त्यापुढचे. पहिली रात्र सरते, बातमी मागे पडते, आणि ज्याचे घर गेले तो मनुष्य मात्र अद्याप दुसऱ्याच्या छपराखाली असतो. या मधल्या काळाचा विचार आजच्या पाठात करावयाचा आहे.

निवाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे काही दिवसांचा आसरा : शाळा, धर्मशाळा किंवा देवळाचा सभामंडप. दुसरी म्हणजे तात्पुरती वस्ती. तिसरी म्हणजे कायमचे घर. पहिल्या पायरीवर दयाबुद्धी पुरेशी होते. तिसरीसाठी शासन, जमीन आणि पैसा लागतो. दुसरी पायरी मात्र कोणाचीच नसते, आणि तीच अपेक्षेहून अधिक लांबते.

पुण्याचे उदाहरण घेऊ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले, आणि मुठेकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे एका दिवसात बेघर झाली. प्रथम त्यांस शाळांतून आसरा मिळाला. परंतु शाळा अडवून मुलांचे शिक्षण किती दिवस थांबवावयाचे? पुढे पन्हळी पत्र्यांच्या अर्धगोलाकार निसन झोपड्या उभारण्यात आल्या. ही झोपडी पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी योजलेली; झटपट उभी राहते, हा तिचा गुण. पण सैनिकाला तीत मुक्काम करावयाचा असतो, गृहिणीला संसार मांडावयाचा असतो. हा भेद योजणाऱ्याने विसरून चालत नाही. पूरग्रस्तांच्या नव्या वसाहतींतील जागांच्या मालकीहक्काचा प्रश्न तर पुढे कित्येक दशके शासनदरबारी रेंगाळला.

दुसरे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद निजलेल्यांवर कोसळले. सुमारे आठ हजार माणसे दगावली. वाचलेल्यांसाठी पत्र्याचे निवारे झाले. पत्रा अंगावर पडून मरण येत नाही, म्हणून भ्यालेल्या मनाला त्याचा धीर वाटला. परंतु मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तोच पत्रा तापला. शिवाय शेतकऱ्याचे घर म्हणजे केवळ माणसांची खोली नव्हे. बैल, कडबा, धान्याची पोती ही सारी त्याच्या घरातलीच. त्यांस पत्र्याच्या खोलीत जागा कोठून असणार? पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. त्या कामास वर्षे लागली, आणि तेवढा काळ ‘तात्पुरते’ हेच घर होते.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला. नवे गाव आमडे येथे उभे राहून लोकांच्या हाती आले ते एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे दोन वर्षे आठ महिन्यांनी. एवढ्या काळात तान्हे मूल चालू-बोलू लागते. त्याच्या आठवणीतले पहिले घर तात्पुरत्या निवाऱ्याचे असते.

यावरून एकच गोष्ट मनात ठसवावयाची : तात्पुरता निवारा बांधताना तो काही दिवसांचा आहे असे मानू नये, त्यात दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढावे लागतील असे धरूनच बांधावा. पत्र्यावर गवताचे आच्छादन घालावे. पाणी चढणार नाही अशी उंच जागा पाहावी. स्त्रियांसाठी न्हाणी व शौचकूप जवळ आणि उजेडात असावेत. गुरांना आडोसा द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका आळीची माणसे एकाच ओळीत ठेवावीत; कारण भिंती गेल्या तरी शेजार उरलेला असतो, आणि शोक करणाऱ्याला शेजाराचाच आधार असतो.

हा विचार उकव्यातील आपण का करावा? २२ मे १९९७ रोजी जबलपूरला भूकंप झाला, आणि जबलपूर आपणांस परके नाही. आपल्या भोवती जंगल आहे, दाट पावसाळा आहे, मँगनीजची खाण आहे. येथे खाणीवर कामासाठी आलेली कुटुंबे आहेत, गोंड व बैगा पाडे आहेत. उद्या त्यांपैकी कोणी सभामंडपाच्या पायऱ्यांशी आला, तर त्याची जात, भाषा किंवा वर्गणीची पावती विचारावयाची नाही, हे तर ठरलेलेच आहे. परंतु पंधरा दिवसांनी, मंडपात लग्न ठरलेले असताना, त्याला ‘आता कोठे जाणार?’ असे विचारण्याची पाळी आपणांवर येऊ नये. दुसऱ्या पायरीची जागा, बांबू-पत्र्यांची तजवीज आणि काम करणारी माणसे आपण आजच योजून ठेवावीत. आणि आलेल्यास याचक समजू नये. कालपर्यंत तो आपल्यासारखाच आपल्या उंबरठ्यावर पाहुण्याचे स्वागत करीत होता. त्याची चूल त्याला स्वतंत्र मांडू द्यावी. स्वतःच्या चुलीवर अन्न शिजले म्हणजे मनुष्य पुन्हा गृहस्थ होतो.

घरी विचार करण्यासाठी :

१. आपल्या घरी एक कुटुंब सहा महिने ठेवावयाचे झाल्यास त्यास कोणती जागा देता येईल?

२. सभामंडप एक महिना आपद्ग्रस्तांस दिल्यास आपली कोणती कार्ये पुढे ढकलावी लागतील? त्यास आपली तयारी आहे काय?

३. आपल्या आळीतील वृद्ध, आजारी व एकट्या राहणाऱ्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय?