साडी भेस्तानची, ड्यूटी कोणाची?

उधना-जळगाव ताप्ती लाइननं आलेली खानदेशी कुटुंबं सुरतेतल्या भेस्तान-पांडेसऱ्याच्या पट्ट्यात पूर्वी लूमवर जायची, घरी साड्यांना लेस-खडे लावून द्यायची. आता त्याच घरांतल्या मुली-सुना मोबाइलवरून स्वतः साड्या विकतात. देशातल्या ऑर्डरीत फारशी अडचण नसते. परदेशातली पहिली ऑर्डर येते तेव्हा मात्र एक प्रश्न विचारायचा राहून जातो: तिकडची ड्यूटी कोण भरणार? मग कुरियरवाला ग्राहकाच्या दारात बिल पुढे करतो, ग्राहक पार्सल नाकारतो आणि साडीच्या किमतीहून जास्त खर्च तुमच्या गळ्यात पडतो. म्हणून हा हिशेब पैसे घेण्याआधीच करायचा.

त्याआधी इकडचे कागद. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ५०० रुपये भरून आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, काढा. तो पॅनवरच मिळतो. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे निर्यातीच्या मालावर आयजीएसटी आधी भरावा लागत नाही. ते दरवर्षी नव्यानं भरायचं असतं. कुरियरनं पाठवताना सीएसबी-५ वरच, म्हणजे विक्रीच्या मालाच्या कुरियर शिपिंग बिलावरच, पाठवायला सांगा. काही एजंट सोपं पडतं म्हणून सीएसबी-४ वर, भेट किंवा नमुना म्हणून माल काढतात. तसं झालं की विक्रीची निर्यात झाल्याचा पुरावा तुमच्या हाती राहत नाही. पोस्टानं पाठवायचं असेल तर डाकघर निर्यात केंद्रात चौकशी करा.

पुढचं काम एचएसएन कोडचं, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या आकड्याचं, आणि इथे घाई करू नका. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, त्यापुढचे देशागणिक बदलतात. आपल्याकडे पॉलिस्टर साडीचं कापड ५४०७ मध्ये येतं, रेशमी ५००७ मध्ये. शिवलेला ब्लाउज ६२०६ मध्ये जातो. साडीसोबत शिवलेला ब्लाउज असेल तर बिलावर दोन ओळी करा. ‘लेडीज क्लोथ’ एवढंच लिहिलं तर तिकडचा अधिकारी स्वतःच्या अंदाजानं कोड लावतो. माल कुठे बनला तेही खरं लिहा. सुरतेत विकत घेतलेले चिनी इमिटेशन दागिने भारतातून गेले तरी चिनीच राहतात, आणि ड्यूटी त्याच हिशेबानं लागते.

आता देश. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर कस्टम ड्यूटी नाही, पण २० टक्के व्हॅट आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून तो विक्रेत्यानं विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. एट्सी किंवा ॲमेझॉनवरून विकलं तर ते काम ती कंपनी करते. स्वतःच्या साइटवरून विकलं तर तिथली व्हॅट नोंदणी तुमची. समजा लेस्टरच्या ताईंनी ६० पौंडांची साडी घेतली, पाठवणी १५ पौंड. व्हॅट १५, एकूण ९० पौंड. त्यांनीच १६० पौंडांच्या साड्या घेतल्या तर हिशेब बदलतो. दर ८ टक्के धरला तर पाठवणीसह १७५ वर १४ पौंड ड्यूटी, मग १८९ वर ३७.८० पौंड व्हॅट. म्हणजे ५१.८० पौंड, वर कुरियरची हाताळणी फी. हा आकडा ताईंना पैसे भरण्याआधी दिसायला हवा.

युरोपीय संघात १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट आयओएसएस नोंदणीतून भरता येतो, पण त्यासाठी तिथला मध्यस्थ लागतो. ऑस्ट्रेलियात विक्री वर्षाला ७५,००० डॉलरच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणी लागत नाही.

अमेरिकेबाबत जुनी माहिती सोडून द्या. ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ ला संपली. भारतीय टपाल खात्यानं त्याआधीच, २५ ऑगस्टपासून, तिकडची पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली, तेव्हा बुकिंगच्या खिडकीवरच जाहीर किमतीच्या ५० टक्के ड्यूटी घ्यायला सुरुवात झाली. तो दर आजही तोच असेल असं धरू नका. पाठवण्याच्या दिवशी विचारा.

ड्यूटी तुम्ही भरणार असाल तर कुरियरला डीडीपी सांगा, ग्राहक भरणार असेल तर डीएपी. माझं मत स्पष्ट आहे: नव्या विक्रेत्यानं डीडीपीच करावं आणि ती रक्कम किमतीत धरावी. ते जमत नसेल तर चेकआउटवर ठळक लिहा, ‘आयात ड्यूटी आणि कर किमतीत धरलेले नाहीत, अंदाजे इतके लागतील’, आणि व्हॉट्सॲपवर ग्राहकाचं ‘हो’ घ्या.

‘ताई, गिफ्ट लिहा ना, किंमत कमी टाका’ असं ग्राहक प्रेमानं म्हणतात. नाही म्हणा. खोटी किंमत पकडली गेली तर माल अडकतो, आणि पार्सल हरवलं तर विमाही त्याच खोट्या किमतीचा मिळतो.

पार्सल परत आलंच तर आपल्याकडच्या कस्टमला तो तुमचाच माल असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून शिपिंग बिल, इन्व्हॉइस आणि पॅक करण्याआधीचा साडीच्या पदराचा फोटो ऑर्डर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा.