उच्च रक्तदाब : उपचारातील सातत्याचे अर्थशास्त्र

'आता बरे वाटते' असे म्हणून घरातील आजोबा रक्तदाबाची गोळी बंद करतात, तेव्हा तो केवळ वैद्यकीय प्रश्न राहत नाही. या विकाराला बहुधा लक्षणे नसतात. त्यामुळे अनेकदा पक्षाघात हीच पहिली सूचना ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष व २१ टक्के स्त्रिया उच्च रक्तदाबग्रस्त अथवा त्यावर औषध घेणाऱ्या होत्या.

निदानानंतर उपचार टिकवणे हे खरे आव्हान होय. त्यासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे त्यात होते. सुलभ उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकांसह सांघिक सेवा, घराजवळ औषधे आणि माहितीव्यवस्था ही त्याची पंचसूत्री होय. माहितीव्यवस्थेसाठी वापरलेले 'सिंपल' हे ॲप बंगळुरूतील तंत्रज्ञांच्या सहभागातून घडले. ठरलेल्या तारखेला न आलेल्या रुग्णांची यादी त्यातून मिळते व आरोग्य कर्मचारी त्यांच्याशी संपर्क साधू शकतात.

याचे आर्थिक मर्म लक्षात घेतले पाहिजे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांचा, उत्पन्नाची अट न ठेवता, समावेश झाला. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. रोजची गोळी त्यात येत नाही. ती गोळी शासकीय केंद्रात अथवा जनऔषधी केंद्रात मोफत वा अल्प दरात मिळू शकते. ती चुकून पक्षाघात झाला, तर शुश्रूषा करणाऱ्याची मजुरीही बुडते आणि हे नुकसान विमा सहसा भरून देत नाही.

म्हणूनच कुटुंबाची भूमिका निर्णायक ठरते. पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजावा व त्याची नोंद वहीत ठेवावी. दवाखान्यातील वारंवार मोजणीत १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब हा सामान्यतः उच्च मानला जातो. मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे-पापडातील मीठही त्यात मोजावे. उठताना चक्कर येत असल्यास डॉक्टरांना सांगावे, मात्र गोळी परस्पर बंद करू नये.

सारांश, प्रतिबंधावरील लहान व नियमित खर्च मोठा आकस्मिक खर्च टाळू शकतो. सार्वजनिक आरोग्याचे हे तत्त्व घरातील गोळ्यांच्या डबीलाही तितकेच लागू पडते.