संस्थेची कीर्द

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास वारले. त्यांनीं जमविलेलीं दफ्तरें जतन करण्याकरितां तेथेंच त्यांच्या नांवें संशोधन मंडळ निघालें. अशा संस्थेस कोणी दफ्तरांच्या कपाटासाठीं ५,००० रुपये दिले अशी कल्पना करूं. पावती फाडली, रोजकीर्दींत जमा केली, हें ठीकच. पण खतावणींत त्या रकमेचें खातें निराळें हवें. पुढें भरून काढूं म्हणून ती गळक्या छपराकडे वळविली, कीं दात्याचा शब्द मोडला. अफरातफर बहुधा अशा उसनवारीनेंच सुरू होते, असें आम्हांस वाटतें. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें हिशेब ठेवणें व तपासून घेणें बंधनकारक आहे. प्राप्तिकराची सूट हवी, तर सामान्यतः उत्पन्नाचे ८५ टक्के संस्थेच्या कार्यासच खर्चावे लागतात. शिवाय २,००० रुपयांवरील रोख देणगीवर दात्यास करसवलत नाहीं; तेव्हां कपाटाचे पैसे चेकनें आलेले बरे.