मनाचे जडत्व

न्यूटनचा गतीविषयक पहिला नियम तुम्हांला ठाऊक आहेच. बाहेरून बल लावले नाही, तर स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि सरळ रेषेत समान वेगाने जाणारी वस्तू तशीच जात राहते. हीच उपमा मनाच्या एका अवस्थेला लावून पाहू.

समजा, एका मुलीला गणिताचे पहिले उदाहरण हाती घ्यायलाच अर्धा तास लागतो. पण बिघडलेला रेडिओ उघडून बसली, की ती जेवण विसरते. हाक मारली तरी तिला ऐकू येत नाही. घरचे म्हणतात, ‘‘आवडीच्या कामात बरे लक्ष लागते! अभ्यासाचा कंटाळा, दुसरे काय?’’ हा निष्कर्ष बरोबर आहे का?

काही मुलांना व मोठ्यांनाही ‘एडीएचडी’, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, असते. १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या वर्गीकरणात ‘अवधान-न्यूनता’ हे नाव स्वीकारले. १९८७ मध्ये त्याला अतिचंचलतेची जोड मिळाली. पण ‘न्यूनता’ हा शब्द थोडा फसवा आहे. लक्ष कमी नसते. ते हवे तेव्हा लावणे आणि हवे तेव्हा काढून घेणे अवघड जाते. न सुटणाऱ्या लक्षाला ‘हायपरफोकस’ म्हणतात. आपण त्याला अतिएकाग्रता म्हणू.

असे का होते? काम सुरू करणे, थांबवणे, बदलणे यांवर मेंदूच्या कपाळामागील भागाचे नियंत्रण असते. त्यात डोपामिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांचा मोठा वाटा असतो. एडीएचडीमध्ये ही यंत्रणा वेगळ्या रीतीने चालते. त्यामुळे नवे, लगेच फळ देणारे काम मनाला धरून ठेवते. शिवाय किती वेळ गेला याचा अंदाजही अधिक चुकतो.

करून पाहा : डोळे मिटा आणि एक मिनिट झाले असे वाटताच हात वर करा. मित्राला घड्याळ पाहू द्या. मग आवडीचे चित्र काढताना, दहा मिनिटे झाली असे वाटताच थांबा. दोन्ही वेळी अंदाज किती चुकला?

आता उपाय. जडत्व मोडायला बाहेरचे बल लागते, म्हणून ते आधीच योजून ठेवावे.

१. कुठे थांबायचे ते सुरुवातीलाच ठरवा : ‘एवढा भाग जोडला, की बस.’
२. गजराचे घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, उठावेच लागेल.
३. दोन गजर लावा. पहिला आवरते घेण्याचा, दहा मिनिटांनी दुसरा थांबण्याचा.
४. थांबताना ‘पुढे काय करायचे’ हे चिठ्ठीवर लिहा. धागा तुटण्याची भीती जाते.
५. झोपेच्या किंवा शाळेच्या वेळेआधी असे काम काढूच नका.
६. पाण्याचा तांब्या समोर ठेवा. तहानभूक कळत नाही.

शिक्षक-पालकांनी दुरून ओरडण्याऐवजी जवळ जावे, खांद्यावर हळूच हात ठेवावा आणि ‘‘पाच मिनिटांत आवर’’ असे सांगावे.

मात्र एक ध्यानात ठेवा. अशी तंद्री कोणाचीही लागू शकते. तेवढ्यावरून एडीएचडी ठरत नाही. ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवायचे. पण वर्गात असा कोणी सोबती असेल, तर त्याला आळशी म्हणू नका. घरंगळणाऱ्या चेंडूला आपण हट्टी म्हणतो का? हात पुढे करून अडवतो, इतकेच.