ब्रेकनृत्यातील काही शब्द

'ब्रेक' म्हणजे मोडतोड, असे प्रथम आम्हांसही वाटले होते. तसे नाही. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क हे, गाणे थांबून नुसता ताल उरतो तो तबकडीवरील तुकडा, दोन तबकड्या आलटूनपालटून वाजवून लांबवीत असत. त्या तुकड्याचे नाव 'ब्रेक'. त्यावर नाचणारे ते 'बी-बॉय' आणि 'बी-गर्ल'.

उभ्याने टाकलेली पावले म्हणजे 'टॉपरॉक'. मग हात टेकून जमिनीलगत चालते ते 'फुटवर्क'. त्यातील 'सिक्स-स्टेप'मध्ये सहा पावलांत पाय अंगाभोवती वर्तुळ पुरे करतात. टाळ्या पडतात पाठीवरून गरगर फिरणाऱ्या 'विंडमिल'ला. परंतु आम्हांस विचाराल तर खरा कस लागतो 'फ्रीझ'मध्ये, कारण तेथे ऐन ठोक्यावर अंग गोठवावे लागते.

सर्वांत बोलका शब्द 'बाइट', म्हणजे चावा. सिक्स-स्टेप कोणीही घ्यावी. परंतु दुसऱ्याने घडविलेली चाल कोणी आपली म्हणून नाचू लागला, की प्रतिस्पर्धी दोन्ही हात जबड्यासारखे उघडून मिटतो, आणि पाहणारे काय ते समजतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील पाच कसोट्यांतही स्वतंत्र कल्पकतेस तंत्राइतकेच वजन होते.