वायरिंग एकाचं, सही दुसऱ्याची?

प्रश्न : ओळखीच्या मुलाने आमच्या नव्या घराचं वायरिंग केलं. काम नीटनेटकं आहे, पण त्याच्याकडे परवाना नाही. मीटरसाठी टेस्ट रिपोर्टवर एखाद्या ठेकेदाराची नुसती सही घेतली तर चालेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नुसती सही नको. वायरिंग परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हावं, असा नियम आहे आणि सही करणारा त्या कामाची जबाबदारी घेतो. न बघताच सही द्यायला तयार होणाऱ्यापासून लांबच राहा. घाबरू नका, सगळ्या भिंती फोडाव्या लागतीलच असं नाही. ठेकेदाराला बोर्ड उघडून पाहू द्या, 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजू द्या (किमान 1 मेगाओहम हवं), अर्थिंग आणि आरसीसीबीही तपासून घ्या. भिंतीतलं त्याला दिसत नाही. म्हणून काही भाग पुन्हा करायला सांगितला, तर खर्चाकडे बघून वाद घालू नका.